राउटरची रांग: रेड लावलं, एफक्यू-कोडेल लावलं, फरक शून्य. चुकतंय कुठे?

ओसरी
मंगळवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी,

मी कराडजवळच्या एका मुलींच्या वसतिगृहात रेक्टर आहे. ६४ मुली, दोन मजले आणि एकच कनेक्शन: खाली ४० एमबीपीएस, वर ५. शिक्षण बी.एस्सी. संगणकशास्त्र, त्यामुळे नेटचं सगळं माझ्याकडेच येतं, आणि मला ते आवडतंही.

त्रास रात्री साडेआठ ते दहा या वेळेत होतो. तेव्हा सगळ्याजणी घरी व्हिडिओ कॉल करतात. परवा नर्सिंगची एक मुलगी आईशी बोलत होती. आईला दवाखान्यात ठेवलेलं. मध्येच चित्र गोठलं, मग आवाज दोन-दोन सेकंद उशिरा यायला लागला. दोघी एकदमच बोलायच्या आणि एकदमच गप्प व्हायच्या. शेवटी तिने फोन ठेवला आणि जिन्यात जाऊन बसली. त्याच वेळी शेजारच्या खोलीतली एक जण प्रोजेक्टचा व्हिडिओ अपलोड करत होती. मी तिथल्या तिथे पिंग लावून बघितलं, म्हणजे चाचणीचं एक पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) पाठवून ते परत यायला किती वेळ लागतो ते. एरवी २२ मिलिसेकंद असतं, तेव्हा २१४० दाखवत होतं. पॅकेट एकही गळलेलं नव्हतं. अपलोड थांबवायला सांगितला आणि तीन सेकंदांत पिंग पुन्हा २२ वर.

आमची मांडणी साधी आहे. एका जुन्या डेस्कटॉपवर दोन नेटवर्क कार्डं घालून लिनक्सचा राउटर केलाय. त्याच्या पुढे कंपनीने दिलेला डबा, तिथून बाहेर.

दुकानदार म्हणाला, बफर (पॅकेटं थांबायची जागा) वाढवा. १००० पॅकेटांचा २००० केला, काही झालं नाही. मग वाचून रांग आवरायच्या पद्धती लावल्या. रेड लावलं, तरी तेच. एफक्यू-कोडेल लावलं, तरी तेच. आकडे काढून बघितले तर तिन्ही वेळा बॅकलॉग (रांगेत थांबलेली पॅकेटं) ०, गळती ०.

दोन प्रश्न आहेत. या पद्धती खरंच चालतात की फक्त पेपरातच छान दिसतात? आणि चालत असतील तर माझ्या जागी यातली कोणती लावावी, आणि का? नुसतं ‘केक लावा’ (तीही अशीच एक पद्धत) असं सांगू नका, मला समजून घ्यायचंय.

खटपट्या
मंगळवार, रात्री ११.४५

५ एमबीपीएस अपलोडवर ६४ जणी म्हणजे ओढाताण होणारच. कंपनीला सांगून ५० करून घ्या, प्रश्न मिटेल. सॉफ्टवेअरने पाईप मोठा होत नाही.

सांडवा
बुधवार, सकाळी ७.१०

ओसरी, तुमचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. बॅकलॉग ०, गळती ० म्हणजे तुमच्या डेस्कटॉपवर रांगच लागत नाहीये. डेस्कटॉप ते डबा ही तार १ गिगाबिटची. तुमच्याकडचं पॅकेट क्षणात डब्यात जाऊन पडतं. डब्यातून बाहेरची वाट मात्र ५ एमबीपीएसची. म्हणजे रांग डब्याच्या पोटात आहे आणि शिस्त तुम्ही रिकाम्या दारात लावून बघितलीत. तुम्ही लावलेलं तंत्र बरोबर होतं, जागा चुकली.

रांग केवढी होती तेही काढता येतं. ५ एमबीपीएसला १५०० बाइटचं एक पॅकेट बाहेर पडायला २.४ मिलिसेकंद लागतात. २१४० मधून नेहमीचे २२ वजा करा आणि २.४ ने भागा. तुमच्या पिंगच्या पुढे सुमारे ८८० पॅकेटं उभी होती. त्या मुलीचा आवाज त्या ८८० च्या मागे थांबला होता. गळती शून्य आहे हे बघून डबा बनवणार्‍याला बरं वाटलं असेल, पण दुखणं तेच आहे.

आधी एक करा. रांग डब्यातून उचलून तुमच्या मशीनवर आणा. वर जाणार्‍या वाटेवर शेपर (वेगाला मर्यादा घालणारं साधन) लावून वेग ४.५ ला बांधा, खालच्या वाटेवर ३६ ला. जाहिरातीतला आकडा धरू नका, रात्री नऊला मोजलेला धरा आणि त्याच्या दहा टक्के खाली राहा. आता सगळ्यात अरुंद जागा तुमच्या ताब्यात आली. डबा रिकामा राहील आणि रांग तुमच्या डोळ्यांसमोर लागेल. पद्धतींची तुलना याच्यानंतरच करता येते.

खटपट्या, वेग वाढवून मिळाला तर घ्यावाच. पण टीसीपीचा (मशीनं ज्या नियमांनी पॅकेटं पाठवतात त्यांचा) स्वभाव असा की गळती होईपर्यंत तो वेग वाढवतच जातो. वाट मोठी केली की रांग भरायला थोडा वेळ जास्त लागेल, इतकंच. एकट्या लॅपटॉपवरून मोठी फाइल चढवली तरी ५० चं कनेक्शनही भरतं.

हा स्वभाव कुठून आला ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात, म्हणजे ४०० यार्डांच्या अंतरावर, वेग ३२ केबीपीएसवरून ४० बीपीएसवर आला होता. हजार नाही, नुसते चाळीस बिट. सगळी मशीनं गळलेली पॅकेटं पुन्हा पुन्हा पाठवत होती आणि वाट त्यातच बुडाली होती. त्यावर संशोधक व्हॅन जेकबसनने टीसीपीला शिकवलं की पॅकेट गळलं तर पुढे गर्दी आहे असं समज आणि हात आखडता घे. १९८८ च्या पेपरात ते सगळं आलं. तेव्हापासून गळती हा निरोप आहे. राउटरने तो निरोप कधी द्यायचा, आणि कुणाला, एवढ्यावरच या सगळ्या पद्धतींचं भांडण आहे.

ड्रॉपटेल, म्हणजे साधी रांग, निरोप देते ती पार भरल्यावर. तोवर ८८० पॅकेटं आत गेलेली असतात. शिवाय भरली की एकदम सगळ्यांचीच गळतात, सगळे एकदम मागे सरतात आणि पुन्हा एकदम चढतात.

रेड १९९३ चं. सॅली फ्लॉइड आणि तोच जेकबसन. कल्पना सुंदर होती: रांग भरायची वाट बघू नका, सरासरी लांबी एका रेषेच्या वर गेली की अधूनमधून एखादं पॅकेट टाका, लांबी वाढेल तसं जास्त टाका. मी या पद्धतीबरोबर खूप वर्षं काढली. २००३ साली पुणे ते नागपूर अशी आमची २ एमबीपीएसची लीज्ड लाइन होती आणि तिच्या दोन्ही टोकांच्या राउटरवर रेडचाच भारित प्रकार. खालची रेष २० पॅकेटांची, वरची ४० ची. दिवसभर ठीक चालायचं. महिनाअखेरीला सगळी ऑफिसं एकदम नोंदी भरायला लागली की नागपूरहून फोन यायचा, स्क्रीन हलत नाही. मी रेषा खाली आणायची. मग रात्री बॅकअपचा एकच मोठा प्रवाह यायचा, थोड्याशा गळतीने मागे सरायचा, लाइन अर्धी रिकामी राहायची आणि बॅकअप सकाळपर्यंत संपायचा नाही. पुन्हा रेषा वर. माझ्या वहीत त्या दोन आकड्यांच्या नऊ जोड्या तारखेसकट लिहिलेल्या आहेत. एकही जोडी दिवसाला आणि रात्रीला, दोन्हीला पुरली नाही.

तेव्हा वाटायचं, बरोबर जोडी मला सापडत नाहीये. आता कळतं की अशी जोडी असूच शकत नाही. रांग किती लांब आहे यावरून ती चांगली की वाईट ते ठरत नाही. २ एमबीपीएसवर ४० पॅकेटं म्हणजे पाव सेकंद, १ गिगाबिटवर तीच ४० म्हणजे अर्धा मिलिसेकंद. आणि सरासरी तर आणखी फसवी. एकदम २० पॅकेटं आली आणि लगेच निघून गेली, तर ती रांग उपयोगाची, तिने धक्का झेलला. पाच पॅकेटं तासभर तिथेच ठाण मांडून बसली, तर ती निव्वळ दिरंगाई. सरासरी काढली की हा भेद पुसला जातो.

कोडेल मला पटलं ते इथेच. कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन, २०१२. लांबी मोजायची नाही, पॅकेटाने रांगेत काढलेला वेळ मोजायचा. आत येताना त्यावर वेळ टिपायची, निघताना बघायची. आणि सरासरी न घेता सगळ्यात कमी थांबलेल्याचा वेळ धरायचा. १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत एकदाही हा वेळ ५ मिलिसेकंदांच्या खाली आला नाही, तर रांग ठाण मांडून बसली आहे असं समजायचं आणि पुढचं एक पॅकेट टाकायचं. तरी ऐकलं नाही तर पुढचं ७१ मिलिसेकंदांनी, मग ५८, मग ५०. वर्गमुळाच्या हिशेबाने अंतर आखडत जातं. आणखी एक बारकावा आहे. पॅकेट रांगेच्या तोंडाशी टाकतात, शेपटीला नाही. शेपटीला टाकलं तर निरोप अख्खी रांग सरकल्यावर पोचणार, तोंडाशी टाकलं तर लगेच. वाट २ ची असो की २०० ची, आकडे तेच राहतात. त्या नऊ जोड्यांची गरजच पडत नाही.

पीआयई ही आणखी एक पद्धत, सिस्को कंपनीकडून आलेली; आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची मालिका) ८०३३, २०१७. तेही वेळच बघतं, लक्ष्य १५ मिलिसेकंद. पण प्रत्येक पॅकेटावर वेळ न टिपता अंदाजाने गळतीची शक्यता ठरवतं आणि पॅकेट आत येतानाच टाकतं. हार्डवेअरमध्ये बसवायला सोपं, म्हणून केबल मोडेमवाल्यांनी डॉक्सिस ३.१ या त्यांच्या मानकात त्याचंच रूप घेतलं.

पण ओसरी, तुमच्या मुलीचा कॉल नुसत्या कोडेलनेही पुरता सुटणार नाही, पीआयईनेही नाही. कारण आवाजाची चिमुकली पॅकेटं आणि अपलोडची धटिंगण पॅकेटं अजून एकाच रांगेत आहेत.

माझे वडील मुळा उजव्या कालव्यावर पाटकरी होते. चारीला पाणी सुटलं की वरच्या अंगाचा, मोठी मोटर असलेला सगळं ओढून घ्यायचा आणि टेलच्या माणसाच्या वाफ्यात नुसता ओलावा यायचा. यावर कालव्यात जास्त पाणी सोडून भागत नसे. पाळी लावावी लागायची, प्रत्येकाचे तास ठरवून, आणि कुणाचं दार कधी उघडायचं ते वडील स्वतः उभं राहून बघायचे. दहा गुंठ्यांवाल्याचं दार आधी उघडून द्यायचे, कारण त्याचं अर्ध्या तासात भिजून व्हायचं आणि बाकीच्यांना ते कळतही नसे.

एफक्यू-कोडेल नेमकं हेच करतं. येणारे प्रवाह हॅश करून (पत्त्यांवरून एक आकडा काढून) १०२४ रांगांत वाटतं आणि प्रत्येकीला पाळीने १५१४ बाइट देतं. या फेरीत पॅकेट बसलं नाही तर उरलेले बाइट पुढच्या फेरीत धरले जातात. ही युक्ती १९९५ ची, श्रीधर आणि वर्गीस यांची. आणि ज्याची रांग रिकामीच असते, म्हणजे दर २० मिलिसेकंदांनी एखादंच पॅकेट पाठवणारा कॉल, त्याला आल्याबरोबर पुढे सोडतं. मग आत प्रत्येक रांगेवर कोडेल वेगळं चालतं, त्यामुळे गळती होते ती गर्दी करणार्‍याचीच. आरएफसी ८२९० मध्ये सगळं लिहिलेलं आहे, आणि लिनक्समध्ये हे ३.५ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे.

आधी शेपर लावा. मग एकेक पद्धत लावून मोजा आणि इथे लिहा, मी वाट बघते.

ओसरी
गुरुवार, रात्री १२.०५

सांडवाताई, काय सांगू! बुधवारी दुपारी मुली कॉलेजात असताना शेपर लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मशीनवर बॅकलॉगचा आकडा हलताना बघितला.

वरची वाट ४.५ ला बांधून, चार लॅपटॉपवरून एकदम अपलोड, प्रत्येक पद्धतीला पाच मिनिटं. पिंग मिलिसेकंदांत असं आलं:

साधी रांग, १००० पॅकेटं: २४०० च्या आसपास. साधी रांग पण फक्त २० पॅकेटांची: ७५, मात्र पिंगच गळायला लागले आणि कॉलचा आवाज तुटक झाला. रेड मी एका अपलोडवर नीट बसवलं तेव्हा ६० होतं, पण वेग ३.६ च्या वर जाईना. चार अपलोड सुरू केले तर तेच रेड १४० वर. तुमची वही आठवली. पीआयई: ५० ते ५५. नुसतं कोडेल: ४५ ते ६०, पण अपलोड सुरू होतानाचे एक-दोन सेकंद ३०० पर्यंत उडी. एफक्यू-कोडेल: २८!

पण एक खटकतंय. एफक्यू-कोडेलमध्ये बहुतेक वेळ २८ असताना मध्येच एखादा पिंग १३५-१४० दाखवतो. मिनिटातून चार-पाच वेळा. हे कुठून येतंय?

मुळाक्षर
गुरुवार, सकाळी ९.३०

ओसरी, तुमच्या आतल्या नेटवर्क कार्डाकडे बघा. जीआरओ चालू असेल. एकाच प्रवाहाची लागोपाठ आलेली पॅकेटं जोडून कर्नल (लिनक्सचा गाभा) त्यांचा एक गठ्ठा करतं, जास्तीत जास्त ६४ किलोबाइटचा. पुढच्या रांगेला ते एकच पॅकेट वाटतं. ४.५ एमबीपीएसला ६४ किलोबाइट बाहेर पडायला ११६ मिलिसेकंद लागतात. तुमचे २२ मिळवा, १३८ झाले. आवाजाचं पॅकेट कितीही पुढे सोडा, समोरचा गठ्ठा तारेवर निघालेला असेल तर थांबावंच लागतं. जीआरओ बंद करा किंवा केक लावा, केक ते गठ्ठे स्वतः सोडवतं.

सांडवाताईंच्या एका मुद्द्यावर थोडं वेगळं मत आहे. रेडला इतकं मोडीत काढू नये. मी मोठ्या राउटरांवर काम करतो. तिथे एका पोर्टवर १०० गिगाबिट असतं आणि प्रत्येक पॅकेटाला काही नॅनोसेकंदच मिळतात. हजार रांगा, प्रत्येक पॅकेटावर वेळेची नोंद, हे तिथल्या चिपमध्ये सहज बसत नाही. दोन रेषा आणि एक सरासरी बसते. शिवाय हजारो प्रवाह एकत्र आले की त्यांचे चढउतार एकमेकांत मिसळून जातात, त्यामुळे बफरही त्या मानाने लहान पुरतो. ॲपेनझेलर, केस्लासी आणि मॅकिओन यांनी २००४ मध्ये दाखवलं की तो प्रवाहांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागता येतो. चार लॅपटॉपांच्या वाटेवर रेड हरतं म्हणून ते सगळीकडे हरतं असं नाही.

सांडवा
गुरुवार, सकाळी १०.१५

मुळाक्षर, मान्य आहे. माझा सगळा अनुभव अरुंद वाटांचा, आणि मी तेवढ्यापुरतंच बोलते. तरी इतकं म्हणेन की १९९८ च्या आरएफसी २३०९ ने सगळ्यांना रेड लावायला सांगितलं होतं आणि २०१५ च्या आरएफसी ७५६७ ने ती शिफारस मागे घेतली. रांगेवर लक्ष ठेवा हा आग्रह राहिला, पण रेडच हवं हा गेला. माझ्यासारख्या कितीतरी जणांच्या वह्या त्यामागे असणार.

जीआरओचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. म्हणजे ओसरी, तुमच्या बाकीच्या आकड्यांतही ते गठ्ठे थोडेफार मिसळलेले आहेत.

केकबद्दल आता बोलते, कारण तुमच्याकडे ६४ जणी आहेत. एफक्यू-कोडेल पाळी देतं ती प्रवाहाला, माणसाला नाही. एकीने टोरंटवर ४० जोडण्या उघडल्या आणि दुसरीची एकच असेल, तर पहिलीला ४० पाळ्या मिळतात. चारीवर एकाच घराने चाळीस सातबारे दाखवावेत तसं. केक आधी मशीनप्रमाणे वाटतं आणि मग त्या मशीनच्या वाट्यात प्रवाहाप्रमाणे. ते लिनक्समध्ये ४.१९ पासून, म्हणजे २०१८ पासून आलंय. शेपर त्याच्या आतच असतो, वेगळा लावायला नको. मात्र नॅटचा पर्याय आठवणीने चालू करा. तुमचाच डेस्कटॉप नॅट करतो, म्हणजे आतल्या सगळ्या मशीनना बाहेर एकच पत्ता देतो, त्यामुळे बाहेरच्या कार्डावर सगळ्या ६४ जणींचा पत्ता एकच दिसतो. तो पर्याय नसेल तर केकला सगळं वसतिगृह म्हणजे एकच मुलगी वाटेल. वरच्या वाटेवर पाठवणार्‍याच्या पत्त्याप्रमाणे वाटा, खालच्या वाटेवर घेणार्‍याच्या.

ओसरी
शनिवार, रात्री १०.४०

केक लावला. वर ४.५, खाली ३६, नॅट चालू, ताईंनी सांगितलं तसं वाटप. काल आणि आज रात्री साडेआठ ते दहा मी ऑफिसात बसून पिंगचा पडदा बघत होते. दोन्ही दिवस २४ ते ३१. आज पावणेनऊला तीन अपलोड एकदम चालू होते, त्यातला एक ४० जोडण्यांचा. तरी ३१ च्या वर गेलं नाही. आणि सगळ्या अपलोडांचा मिळून वेग ४.३, म्हणजे काही वायाही गेलं नाही.

ती नर्सिंगची मुलगी आज अर्धा तास बोलली. आईला सोमवारी घरी सोडणार आहेत.

आता एकच राहिलंय. वरच्या मजल्यावर, पाण्याच्या टाकीकडच्या शेवटच्या दोन खोल्यांत अजून कॉल अडकतो. तिथून माझ्या डेस्कटॉपला पिंग केलं तर तेच कधी ४, कधी ३५०. म्हणजे हे बाहेरच्या वाटेचं नाहीच ना?

मुळाक्षर
शनिवार, रात्री ११.००

नाही, ती तुमच्या ॲक्सेस पॉइंटच्या (वायफाय देणार्‍या यंत्राच्या) आतली रांग आहे. लांबच्या खोलीतला एक फोन क्षीण सिग्नलमुळे हळू बोलतो आणि हवेतला बराचसा वेळ तोच खातो. बाकीच्यांची पॅकेटं त्याच्यामागे उभी राहतात. नव्या लिनक्समध्ये काही वायफाय चिपांसाठी प्रत्येक फोनला वेगळी रांग आणि हवेतल्या वेळेचं सारखं वाटप आलेलं आहे, पण ते चिपवर अवलंबून. ॲक्सेस पॉइंटच्या खालच्या बाजूला मॉडेल आणि आवृत्ती लिहिलेली असते, ती बघून कळवा.

ओसरी
शनिवार, रात्री ११.०५

तो छताला लावलाय. सकाळी शिडी लावून बघते आणि लिहिते.